डिलर्डच्या सदऱ्याची चांदणी

माझी थोरली जाऊ ऑर्फा शिवायला बसली की तिची पाव इंचाची शिवण केसभरही हलायची नाही. केंटकीच्या डोंगरात, आमच्या ओढ्याकाठी, कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं की चर्चमधल्या बायका मिळून गोधडी करायच्या, आणि सगळ्यांचे तुकडे एकत्र जोडायचं काम न विचारता ऑर्फाकडे जायचं. तिला त्याचा जरा तोरा होता. आम्ही तो चालवून घ्यायचो.

१९३८ च्या पानगळीत ओलेटाचं लग्न ठरलं. तिचा बाप डिलर्ड कोळशाच्या खाणीत छत कोसळून गेला, तेव्हा ती चार वर्षांची होती. आईने दुसरा संसार थाटला आणि पोरीला डिलर्डच्या आईने, म्हणजे झेट्टीमावशीने, वाढवलं. लग्न झालं की ती नवऱ्याबरोबर ओहायोला जाणार होती. आम्ही सोळा जणींनी तिच्यासाठी एकेक चांदणी शिवायची ठरवली. नमुना सोपाच. नऊ चौकोन; मधला आणि कोपऱ्यांतले चार साधे, उरलेले चार दोन-दोन त्रिकोण जोडून केलेले. त्रिकोण सगळे एकाच दिशेने फिरवले की चांदणी उमटते.

झेट्टीमावशीच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. तरी काठी टेकत आपली चांदणी द्यायला ती स्वतः आली.

"ऑर्फा, निळे तुकडे जपून गं बाई. डिलर्डचा सदरा आहे. एवढाच राहिला होता."

"काळजी करू नका, मावशी."

मावशी गेल्यावर ऑर्फाने चांदणी टेबलावर पसरली आणि तोंड वाकडं केलं. एक त्रिकोण उलटा फिरला होता, टोकं शिवणीत गडप झाली होती, आणि एक बाजू अर्धा इंच आखूड.

"अशी लावली तर आख्खी रांग ओढली जाईल."

"राहू दे ना," मी इस्त्री करता करता म्हटलं. "म्हातारीच्या हातचं आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय, व्हर्डी! आणि ओहायोच्या बायका बघतील. म्हणतील, या डोंगरातल्यांना सरळ शिवताही येत नाही."

तिने कात्रीच्या टोकाने उसवायला घेतलं. शपथेवर सांगते, तिला फक्त तेच तुकडे नीट जोडायचे होते. पण वर्षानुवर्षं धुवून तो सदरा विरला होता. टाका निघाला की कडेचे धागेही सुटायचे. कड सरळ करावी तर तुकडा लहान व्हायचा. तासाभरात चारही निळ्या त्रिकोणांच्या चिंध्या झाल्या.  मग ऑर्फाने आपल्या नवऱ्याच्या सदऱ्यासाठी आणलेलं नवं निळं कापड काढलं.

"रंग तोच आहे," ती पुटपुटली. चिंध्या माझ्याकडे सरकवल्या. "चुलीत टाक."

मी टाकल्या. एका शब्दानेही अडवलं नाही.

पुढच्या शनिवारी चर्चमध्ये गोधडी चौकटीवर ताणली. कुणी घेवड्याची उसळ आणली होती, कुणी मक्याचा पाव. ओलेटा आजीला हाताला धरून घेऊन आली.

"माझी कुठंय?" मावशीने विचारलं.

ऑर्फाने तिचा हात धरून चांदणीवर ठेवला. मावशीचं बोट शिवणीवरून चालत गेलं, निळ्या त्रिकोणावर आलं आणि थांबलं. मला वाटलं, किती वेळ थांबलंय ते! मग ती म्हणाली, "ओलेटा, ये इकडे. हा बघ तुझ्या बापाचा सदरा."

ओलेटाने वाकून त्यावर गाल टेकवला. बायकांनी डोळे पुसले.

"रडून भिजवू नका गं, अजून सगळं शिवायचंय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. ऑर्फा हसली नाही. त्या दिवशी तिने घातलेले टाके मी संध्याकाळी पाहिले. लांब-आखूड होते.

लग्न झालं, गोधडी घेऊन ओलेटा गेली.  तीन आठवड्यांनी, रविवारच्या दुपारी, ऑर्फा मला बरोबर घेऊन मावशीकडे गेली. मावशी ओसरीत शेंगा सोलत होती. ऑर्फाने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"माहितीये मला," मावशी म्हणाली. "पोर गेल्यावर चौदा वर्षं तो सदरा उशाशी घेऊन झोपले. माझ्या बोटांना कळणार नाही होय?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"ओलेटा शेजारी उभी होती. तिच्यासमोर काय बोलू?"

"मी तिला पत्र लिहिते, मावशी. सगळं कबूल करते."

"खबरदार! तुझं मन हलकं करायला तिच्याकडून बाप पुन्हा काढून घेणार? तिच्याशी खोटं मी बोललेय, ते माझं मी बघीन. तू गप्प बसायचंस." मग तिने हळूच विचारलं, "चिंध्या तरी आहेत का गं?"

 "जाळल्या," मी म्हटलं. "मीच टाकल्या चुलीत."

मावशीचे हात थांबले. "बरं," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ऑर्फा दर आठवड्याला मावशीची लाकडं फोडून द्यायची, पाणी भरायची. "ठेव तिथे," एवढंच मावशी म्हणायची. तिसऱ्या हिवाळ्यात मावशी गेली. मातीला ओलेटा आली होती, कडेवर तान्ही मुलगी. ती ऑर्फाच्या गळ्यात पडली. "किती जपून लावलात तुम्ही बाबांचा सदरा! हिला रोज त्यावरच निजवते."

आता मावशीची आडकाठी उरली नव्हती. ऑर्फाने तोंड उघडलं, बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गारठा आहे गं. तिच्या डोक्याला काहीतरी बांध."

याला आता वीस वर्षं झाली. ऑर्फाने ओलेटाला सांगितलेलं नाही, मीही नाही. मावशीचा शब्द पाळला म्हणून की धीर झाला नाही म्हणून, हे मी एकदा ऑर्फाला विचारलं होतं. ती म्हणाली, "तेच मला ठाऊक असतं, तर रात्री झोप नसती का लागली?"