घंटेची आतली बाजू

ती घटना मला आठवावी लागत नाही. रोज सकाळी पूजेत घंटेला गंध लावण्यासाठी हात पुढे जातो आणि ती आपणहून समोर येऊन उभी राहते.

महाराष्ट्र पोलीस दलात चौतीस वर्षे सेवा करून मी उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यापूर्वीचे बालपण पाठशाळेत संथा घेण्यात गेले होते. खाकी अंगावर चढली तरी संध्या सुटली नाही. सहकारी थट्टेने मला ‘शास्त्रीबुवा’ म्हणत. सेवाकाळातील गुन्ह्यांविषयी लिहा, असे पुष्कळांनी सुचवले. परंतु ज्या प्रकरणाने मला माझा व्यवसाय खऱ्या अर्थाने शिकवला, त्याची नोंद कोणत्याही ठाण्याच्या दैनंदिनीत नाही. ते निवृत्तीनंतर अमेरिकेत घडले. तेथे मला साध्या शिपायाचाही अधिकार नव्हता. त्यातील माणसे हयात आहेत, म्हणून नावे देत नाही.

पत्नीच्या निधनानंतर मी मुलाकडे, जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील एका लहान बंदराच्या गावी राहू लागलो. तेथे जुन्या धक्क्यावर, कापसाच्या एका वखारीत, चाकांच्या आगबोटींचे संग्रहालय आहे. एकेकाळी त्या किनाऱ्यावरचा सारा प्रवास या आगबोटींतून होई. दोन्ही कुशींना घराएवढाली चाके. ती वाफेवर फिरत, पाणी मागे लोटत, आणि आगबोट बेटांच्या आडोशाने, खाड्याखाड्यांतून एका शहराहून दुसऱ्या शहरी जाई. वरच्या मजल्यावर गालिचे, आरसे आणि प्रतिष्ठित उतारू. खाली कापसाचे गठ्ठे. आणि तळाशी, भट्टीच्या तोंडाशी, लाकडे टाकणारी कृष्णवर्णीय माणसे. कोकणच्या आगबोटीच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलेल्या मला तेथे परके वाटले नाही. मी स्वयंसेवक झालो. सकाळी नऊला जावे, काचा पुसाव्यात, आलेल्यांना वाट दाखवावी.

तेथील रखवालदार माझ्याच वयाचा, कृष्णवर्णीय, बावीस वर्षे त्या जागी असलेला. मला तो ‘इन्स्पेक्टर’ म्हणे. मी त्याला खिशातली चिंचेची गोळी देई. “इन्स्पेक्टर, ही मिठाई आहे की शिक्षा?” असे म्हणून तो डोळे गच्च मिटून घेई, आणि लगेच दुसरीसाठी हात पुढे करी.

संग्रहालयात एक काशाची घंटा आहे. फार पूर्वी नदीच्या मुखाशी एक आगबोट धुक्यात पेटली आणि बुडाली. तिची ही घंटा पुढे कित्येक वर्षांनी समुद्रतळावरून वर काढण्यात आली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी धक्क्यावर स्मरणविधी होतो. संग्रहालयाच्या अध्यक्षबाई मृत उतारूंची नावे वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल पडतो. भट्टीवरच्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नव्हती. यादीच्या शेवटी ‘आणि भट्टीवरील माणसे’ एवढेच शब्द होते, आणि त्या सर्वांना मिळून एक टोल. रखवालदाराचे पणजोबा त्या माणसांत होते. हे घडले त्या वर्षी, विधीच्या तयारीसाठी भरलेल्या सभेत, त्याने उभे राहून विनंती केली, की पणजोबांचे नाव तरी वाचावे. कागदोपत्री आधार नाही, असे बाईंनी सांगितले. “मग ती घंटा आमची नव्हे,” एवढे बोलून तो खाली बसला.

विधीला चार दिवस उरले असता, मंगळवारी सकाळी घंटा जागेवर नव्हती.

बाईंनी मला कार्यालयात बोलावले. “दाराचं कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोनच, एक माझी, एक त्याची. तो सभेत काय बोलला ते तुम्ही ऐकलंच आहे,” त्या म्हणाल्या. “शनिवारपर्यंत घंटा आली नाही, तर सोमवारी मी पोलिसांत त्याच्या नावानं तक्रार देणार. तुम्ही पोलिसात होता. तोवर काय ते बघा.”

म्हणजे माझ्या हाती चार दिवस होते, आणि त्या अखेरीस एका सत्तरीच्या माणसाचे नाव चोर म्हणून लागायचे होते.

बुधवारी खबर मिळाली. नागपूरची एक मुलगी, आयटीत नोकरीला, सवडीने जुन्या नोंदवह्या स्कॅन करायला येत असे. तिने मला जिन्याखाली बोलावले.

“काका, प्लीज कोणाला सांगू नका हं. मी मागच्या दाराच्या कॅमेऱ्याचं फुटेज चेक केलं. सोमवारी संध्याकाळी आपले रखवालदारकाका चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड ट्रकमध्ये ठेवताना दिसतात. मी डिलीट नाही केलं, पण मॅडमना दाखवलंही नाही. ते मला रोज विचारतात हो, जेवलीस का म्हणून. ते असं करणार नाहीत ना, काका?”

“मुली, हे वाक्य मी प्रत्येक आरोपीच्या शेजाऱ्याकडून ऐकले आहे,” मी म्हणालो. आज ते आठवले की मान खाली जाते. त्या क्षणी मात्र मला समाधान वाटले. संधी होती, हेतू होता, आता दृश्य पुरावाही होता. न्यायालयात टिकेल असे प्रकरण तीन पायांवर उभे होते.

दुपारी मी रखवालदाराशेजारी धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसलो. चौकशीची माझी रीत जुनी आहे. प्रश्न विचारण्याआधी बराच वेळ काहीही बोलायचे नाही. अपराधी माणूस शांततेला घाबरतो आणि ती बुजवण्यासाठी बोलू लागतो. हा मात्र त्या शांततेला पाठ टेकून, पाण्याकडे पाहत बसला. हे लक्षण मी पाहिले, पण वाचले नाही.

“घंटा तुमच्याकडे आहे?” शेवटी मीच विचारले.

“आहे.”

इतकी सहज कबुली मला आयुष्यात मिळाली नव्हती. “मग परत आणा. मी बाईंशी बोलतो.”

“शनिवारपर्यंत नाही जमणार. आधी वाटलं होतं, जमेल.”

“का नाही जमणार?”

“ते विचारू नका. तुम्ही तर नकोच.”

“पणजोबांच्या नावासाठी केलेत का हे?”

त्याने माझ्याकडे वळून पाहिले. “इन्स्पेक्टर, त्यांचं नाव मला पाठ आहे. त्यासाठी मला घंटा कशाला पळवायला हवी?”

“सोमवारी तुमच्यावर आळ येईल.”

“माझ्या वयाच्या काळ्या माणसावर आळ आला, तर या गावात ती बातमी होत नाही. तुम्ही घरी जा. तुमच्या त्या आंबट गोळ्या आहेत का खिशात? नाहीत? मग तर जाच.”

तो माझी टर उडवतो आहे असे वाटून मी रागाने उठलो. गुरुवार मी त्याच्याशी न बोलता काढला.

शुक्रवारी सकाळी पूजेला बसलो असता ध्यानात आले, की मी तपासाची पहिली पायरीच गाळली होती. नव्या फौजदारांना मी शिकवीत असे, की आधी घटनास्थळाचा पंचनामा, मग जबाब. माणूस काय सांगतो ते ऐकण्यापूर्वी जागा काय सांगते ते ऐका. येथे मी जागेकडे पाहिलेच नव्हते. रोज ज्या काचा मी स्वतः पुसतो, ती जागा मला ठाऊकच आहे, असे मी धरून चाललो होतो.

नऊ वाजता त्या नागपूरच्या मुलीला सोबत घेतले. “तू पंच,” मी म्हणालो.

“म्हणजे काय करायचं, काका?”

“मी पाहीन ते तूही पाहायचे, आणि मी चुकलो तर सांगायचे.”

“ओके. व्हेरिफिकेशन.”

घंटा ज्या लाकडी चौथऱ्यावर असे, तेथे फिकट हिरव्या भुकटीचे एक कडे पडले होते, बारीक दळलेल्या पिठासारखे. चौथऱ्याच्या चिरेत तपकिरी रंगाचा एक धागा अडकला होता. मी तो कागदाच्या टोकाने उचलला. वास घेण्याची गरज नव्हती, तरी घेतला. मग तो पुन्हा एकदा नाकाशी नेला.

“काका, काय झालं? बसा तुम्ही.” तिने कागद माझ्या हातून घेऊन नाकाशी नेला. “ही तर चिंच आहे. यार, इथे चिंच कुठून आली?”

चिंच मी आणली होती.

आमच्या पोलीस दलात खंडेनवमीला शस्त्रे पुजतात. माझ्या पहिल्या ठाण्यात पहाऱ्यावरचा शिपाई दर तासाला टोल देई. ती पितळी थाळीही त्या दिवशी चिंच-मीठ लावून उजळली जाई आणि तिला झेंडूची माळ पडे. ही सवय चौतीस वर्षांची. त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी रखवालदार दार उघडून धक्क्यावर गेला होता, आणि मी संग्रहालयात एकटाच होतो. समोर ती काळवंडलेली घंटा होती. आगीत आणि पाण्यात गेलेल्या जिवांसाठी जिचा नाद होतो, ती अशी मलिन असावी, हे मला पाहवले नाही. बाहेरचे रूप संग्रहालयाचे आहे, त्याला हात लावू नये, एवढा विवेक मी केला. आतून, जेथे लोलक आदळतो, तेथे मात्र चिंच-मिठाने घासून, ओल्या फडक्याने पुसून, मनोमन नमस्कार केला. वस्तू हाताळणाऱ्याने वहीत नोंद करायची, असा तेथे नियम होता. सेवेची नोंद कसली करायची, म्हणून मी ती केली नाही.

मुलीने कपाटातून घंटेची फाईल काढली आणि उभ्याउभ्याच वाचून दाखवली. समुद्रातून आलेल्या काशाच्या पोटात मीठ दडलेले असते. त्यावरचा काळा थर हाच त्याचा रक्षक. त्याला आंबट किंवा खारट काही लागले आणि दमट हवा मिळाली, की धातू आतून हिरवा होऊन भुकटी होऊ लागतो.

“काका,” ती हळूच म्हणाली, “मी ड्राइव्ह करते. चला त्यांच्याकडे.”

रखवालदाराच्या घरामागे पत्र्याची खोली होती. आत एका मोठ्या टबात, स्वच्छ पाण्यात, घंटा उलटी ठेवलेली होती. तो पाणी बदलत होता. आम्हाला पाहून त्याने हातातली बादली खाली ठेवली.

“आलात शेवटी. मला वाटलं होतं, इन्स्पेक्टर लवकर पोचेल.”

“तुम्हाला केव्हा कळले?”

“दर वर्षी विधीआधी मी लोलकाला तेल देतो. आत बोट घातलं तर हिरवी पूड, आणि तुमच्या त्या मिठाईचा चोथा. ही वर काढली तेव्हा जो जाणकार आला होता, त्याच्या हाताखाली मी दोन महिने काम केलंय. मीठ कसं बाहेर काढायचं ते मला माहीत आहे. वाटलं, चार दिवसांत उरकेल. याला आठवडे लागणार.”

“मग बाईंना का सांगितले नाही?”

त्याने टबात हात घालून घंटेची कड चाचपली. “तुम्ही ती आतून घासली होती. कोणाला दिसणार नाही तिथे. दिखावा करणारा माणूस तसं करत नाही. हे मला समजलं, बाईंना समजलं नसतं. त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि बायको गेल्यापासून सकाळी नऊला जायला दुसरं ठिकाण नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतं.”

मी त्याला चोर ठरवून बसलो होतो, आणि तो माझ्यासाठी चोर ठरायला तयार झाला होता.

त्याच दुपारी मी माझा जबाब स्वहस्ते लिहिला, खाली सही केली आणि बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“तुम्ही विचारलं का नाहीत?”

“पूजेला परवानगी लागते, असे वाटले नाही.”

“ती पूजेची वस्तू नाही हो. पुरावा आहे. त्या माणसांचा उरलेला एकमेव पुरावा.”

पुराव्याला हात लावल्याबद्दल मी एका हवालदाराची वेतनवाढ रोखली होती. त्या बाईंच्या शब्दांत क्रोध नव्हता, म्हणून ते अधिक खोल गेले. यापुढे मी कोणत्याही वस्तूला स्पर्श करू नये, असे ठरले. ते योग्यच होते. नंतर बाई एकट्याच धक्क्यावर रखवालदाराकडे गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही. परत आल्या तेव्हा तक्रारीचा विषय संपला होता.

शनिवारी विधी घंटेविना झाला. बाई एकेक नाव वाचत, थांबत, आणि पुढचे वाचत. टोल नसल्यामुळे धक्क्यावर आपटणारे पाणी तेवढे ऐकू येई. यादीच्या शेवटी त्या म्हणाल्या, “आणि भट्टीवरील माणसे.” दर वर्षी त्या शब्दांवर एक टोल पडे आणि लोक टोप्या घालून घरी जात. या वेळी पडायला टोल नव्हता. ते वाक्य तसेच अपुरे लोंबकळत राहिले. कोणी हलेना.

मागे उभ्या असलेल्या रखवालदाराने टोपी काढली आणि एक नाव उच्चारले. मोठ्याने नव्हे, घरातल्या माणसाला हाक मारावी तसे.

बाईंनी हातातला कागद खाली केला, आणि तेच नाव सर्वांना ऐकू जाईल असे पुन्हा म्हटले.

वसंत ऋतूत घंटा जागेवर आली, या वेळी काचेच्या पेटीत. मी आजही नऊला जातो, हात पाठीमागे बांधून काचेबाहेर उभा राहतो, आणि आलेल्यांना तिची हकीकत सांगतो. तिच्या आतल्या फिकट डागाचीही. संधी, हेतू आणि पुरावा हे तिन्ही हाती आले, तरी सत्य हाती आले असे होत नाही, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले. एका माणसाचे दुःख मी त्याचा हेतू समजलो. आणि संशयितांच्या यादीत स्वतःचे नाव घालण्याची बुद्धी मला चौतीस वर्षांत एकदाही झाली नव्हती. श्रद्धेनेही हात लावण्यापूर्वी विचारावे, एवढे साधे वळण पाठशाळेत असताना माझ्या गुरूंनी मला लावले होते. ते मी विसरलो होतो.

रखवालदाराच्या पणजोबांचे ते नाव येथे लिहीत नाही, कारण नावे देणार नाही असे आरंभी म्हटले आहे. पण ते मला पाठ आहे. रोज सकाळी पूजेतली घंटा उचलतो, ते मनात उच्चारतो, आणि मग वाजवतो.