आईच्या बुटातली लाल वाळू
जुन्या वस्तू दान घेणाऱ्या चॅरिटी शॉपला द्यायला आईचे बूट कपाटातून काढले आणि इंग्लंडमधल्या, कॉव्हेंट्रीच्या घरातल्या कार्पेटवर लाल वाळू सांडली. अमेरिकेच्या वाळवंटात, कड्याच्या कपारीतली शेकडो वर्षांपूर्वीची दगडी घरं बघायला गेलो होतो, तेव्हा आईने उंबऱ्याबाहेरच बूट काढले होते. "अगं, इथे कधीकाळी चुली पेटल्यात. कुणाच्या घरात बूट घालून जायचं का?" बाहेर येऊन तिने बुटात पाय घातला, तोच आम्हाला ती घरं दाखवणारा रेंजर ओरडला, "डोन्ट मूव्ह!" बुटातून निघालेला पिवळा विंचू तिच्या घोट्यावर चढत होता. फोनला सिग्नल नव्हता, हॉस्पिटल दोन तासांवर. डॉक्टर असूनही मी फोन उंच धरून सिग्नलच शोधत राहिले. आई मात्र दगडासारखी उभी राहिली. विंचू सावकाश उतरला, कपारीत गेला. आता त्या बुटांत पाय घालणारं कुणी नाही; तरी पिशवीत टाकण्याआधी मी ते दोनदा आपटून पाहिले.