पाव फेरा मागे

बोटवाले कुठलीही गरम वस्तू हाताच्या पाठीनं तपासत. चहाची किटली, इस्त्री, गाडीचं बॉनेट, सगळं. तळहात कधी लावायचे नाहीत. "तळहाताला घट्टे पडलेले असतात, इंजिनीयर. तो खोटं सांगतो," असं मला म्हणाले होते. ते वाक्य आठवलं की आजही मला माझ्या उजव्या हाताकडे बघवत नाही.

आयर्लंडमध्ये एनिसला माझा मुलगा राहतो. २०२० च्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो आणि कोरोनामुळे दीड वर्षाच्या वर अडकलो. शेजारी हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ एकटेच राहत. दारात ट्रेलरवर एक लाकडी बोट. त्यांचं नाव माझ्या बायकोच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं त्यांना 'बोटवाले' केलं. ते मला इंजिनीयर म्हणत. मी इंजिनीयर नव्हतो. लोखंडी शेड उभारणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होतो. नटबोल्ट पक्के आवळलेत की नाही हे बघण्यात माझी नोकरी गेली. पण मी त्यांना कधी तसं सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

बोट पाण्यात सोडताना ट्रेलरची चाकंही पाण्यात जातात. धावून तापलेलं चाकातलं बेअरिंग एकदम गार पाण्यात बुडालं की पाणी आत ओढून घेतं, ग्रीस दुधासारखं पांढरं होतं, मग गंज. म्हणून तळ्यावर पोचलं की चाकं निवेपर्यंत बोटवाले आधी थर्मास काढत. मागे दोन-तीन गाड्या खोळंबलेल्या असत. "काय हो, आज सोडताय की उद्या?" असं कोणी ओरडलं, की कप उंचावून म्हणायचे, "बेअरिंगचा चहा व्हायचाय अजून!" पहिल्या उन्हाळ्यात मी तीनदा त्यांच्याबरोबर गेलो आणि तिन्ही वेळा तो चहा प्यालो.

पुढचा हिवाळा कठीण गेला. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, आणि तळं त्याच्याही पुढे. बोटवाले दारातच ट्रेलरची चाकं काढून बसत. मधल्या बुटक्या भिंतीच्या अलीकडे खुर्ची टाकून मी. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, पार दुसऱ्या बाजूनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. एक बेअरिंग त्यांनी भिंतीवरून माझ्याकडेही दिलं. माझी बायको खिडकीतून म्हणाली, "जन्मात कधी कणीक मळली नाहीत, इथे बरे हात बरबटवताय!" त्यांना त्याचा अर्थ सांगितला तर ते खोकला येईपर्यंत हसले.

एका गोष्टीत मात्र ते थट्टा चालू देत नसत. चाक फिरवत फिरवत त्याचा मधला नट घट्ट करायचा, मग पाव फेरा मागे घ्यायचा आणि तो फिरू नये म्हणून पिन घालायची. चाक धरून हलवलं तर किंचित हललं पाहिजे. तापल्यावर लोखंड फुगतं, त्याला जागा लागते. हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

२०२१ च्या मे महिन्यात प्रवासबंदी उठली. तळ्यावर निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी दोन्ही चाकं बसवली. उजव्या चाकाचा नट पाव फेरा मागे घेऊन पिन घातली, तेवढ्यात ल्यूकनहून त्यांच्या मुलीचा फोन आला आणि ते आत गेले. मी चाक हलवून पाहिलं. हललं. जन्मभर ढिल्या नटावरून लोकांना फैलावर घेतलेला माणूस मी. मनात आलं, म्हाताऱ्याच्या हातात आता जोर राहिला नाही. मी पिन काढली, नट होता नव्हता तो जोर लावून आवळला, पिन परत घातली आणि वर चाकाची टोपी ठोकून बसवली. ते बाहेर आल्यावर सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी थोडं अंतर गेल्यावर चाकं तापलीत का ते बघायला त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. "उजवं तुम्ही बघा, डावं मी बघतो." मी टोपीवर हाताची पाठ टेकवली आणि चटका बसून झटकन मागे घेतली. बोटांवर लाल चट्टा उठला. पलीकडून त्यांनी विचारलं, "ऑल ग्रँड?" म्हणजे सगळं ठीक ना.

मी म्हणालो, "ग्रँड."

गरम आहे म्हटलं असतं तर त्यांनी टोपी काढली असती, आणि नट पाहिला असता. एवढंच कारण.

पुढे वळणावर ते चाक जाम होऊन निखळलं. ट्रेलर आडवा झाला, बोट खड्ड्यात जाऊन फुटली. समोरून सायकलवर येणारी एक बाई थोडक्यात वाचली. बोटवाले रस्त्याच्या कडेला बसून एकच वाक्य म्हणत होते, "मी मागे घेतला होता. नक्की घेतला होता." संध्याकाळी त्यांची मुलगी आली. गॅरेजवाल्यानं तिला नट फार आवळला होता एवढंच सांगितलं होतं. ती प्रेमानंच म्हणाली, "डॅड, विसरलास तू. होतं असं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. रात्री बायकोनं हाताचं विचारलं. मी म्हणालो, किटली लागली.

महिन्याभरात गाडीची किल्ली मुलीकडे गेली. ट्रेलर भंगारात गेला.

ऑक्टोबरात आम्ही परत निघालो. निरोप घ्यायला गेलो तर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. गॅस बंद. दाराला कुलूप. इंजिनीयर गुरुवारी जाणार. आणि एकीवर, नट घट्ट, मग पाव फेरा मागे.

मी विचारलं, "आता ही कशाला?"

"रोज सकाळी तिच्याकडे न बघता आठवून पाहतो," ते म्हणाले. "रोज आठवतं, इंजिनीयर. मग त्याच दिवशी कसा विसरलो?"

तेव्हा आम्ही दोघंच होतो. मुलगी नव्हती, घाई नव्हती. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "वय होतं सगळ्यांचं."

त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं.

ते गेल्याचं मुलानं फोनवर कळवलं. अंत्यविधीला त्यांची मुलगी त्याला म्हणाली, त्या अपघातापासून डॅडनी स्वतःवर विश्वासच ठेवला नाही. हे ऐकलं आणि मी घरात सगळं सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आता काय उपयोग? तिला उगाच त्रास." बायको म्हणाली, "त्रास तिला होईल म्हणून गप्प बसायचं, की तुम्हाला होईल म्हणून?"

हे सगळं मुलगा इंग्रजीत करून बोटवाल्यांच्या मुलीला पाठवणार आहे. माझी ओळख, माझी कारणं मागाहून येऊ देत. पहिलं वाक्य कोणतं ठेवायचं ते मी त्याला सांगितलं आहे. तुमचे वडील त्या दिवशी काहीही विसरले नव्हते.