मुरगळलेला पाय

संपात गिरणी बंद पडली, तेव्हा लालबागचा हा गडी आमच्याबरोबर क्रीडाशिक्षकाच्या अभ्यासक्रमाला आला. पास होण्याआधीच तो आम्हा सगळ्यांना 'मास्तर' म्हणायचा.

नायगावच्या मैदानावर माझी कवायत घेण्याची परीक्षा होती. विद्यार्थी म्हणून आमचाच वर्ग, रांगेत पहिला हा. मी ऐटीत 'पुढे चल' ओरडलो आणि परीक्षकांच्या धाकाने 'थांब' म्हणायचंच विसरलो! रांग भिंतीवर आदळणार, इतक्यात हा गडी डावा पाय धरून कोसळला.

"मेलंय गे आये!"

रांग थांबली. मी धावत जाऊन घाईत त्याच्या उजव्या पायाला पट्टी बांधली.

"मास्तर, दुसरो पाय!" तो पुटपुटला. तेवढ्यात परीक्षक वाकले, तसा तो उजवा धरून कण्हू लागला.

प्रथमोपचारावर मी पास झालो. परीक्षक दिसेनासे होईपर्यंत बिचारा दोन्ही पायांनी लंगडत होता.