अंगावरचं दूध

गेल्या वर्षी पोळ्यानंतर दुसऱ्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचं दुसरं बाळ सौंसरच्या दवाखान्यात मृत जन्मलं. मुलगा होता. आठवा महिना सरत आला होता. डॉक्टरांनी नक्की कारण सांगितलं नाही. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी पडलं, एवढंच म्हणाले. पहिली मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती.

अंतराचा विषय घरात आधी निघाला होता. मुलगी तीन महिन्यांची असताना मी बहिणीच्या सासरी गेले होते. ती तांबी बसवून घ्यायचं म्हणत होती. सासूबाई पायांवर नातीला घेऊन तेल चोळत होत्या.

“पोर अंगावर पिऊन राह्यली ना? मंग कायची तांबी! माह्ये चार लेकरं, एकेकात तीन वर्साचं अंतर. मी कोन्ती गोळी खाल्ली वं?”

“तुमच्या टायमाची गोष्ट वेगळी होती, आई,” बहीण म्हणाली.

“दूध तं तेच हाय ना, मास्तरीनबाई?”

बहीण हसली. तांबीचं राहून गेलं.

सासूबाई खोटं सांगत नव्हत्या. त्यांची लेकरं त्यांच्यासोबत वावरात जायची. बांधावरच्या बाभळीला झोळी असे. कापूस वेचता वेचता पोर रडलं की त्या पाजायच्या. दिवसभर, आणि रात्रीही. बहिणीची रजा दिवाळीनंतर संपली. ती पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवते. सकाळच्या बसने जायची, संध्याकाळी परतायची. मधे मुलगी बाटलीतलं दूध आणि वरणाचं पाणी प्यायची. घरात मात्र सगळे म्हणत, पोर अजून अंगावर पिते.

पाळी परत आलीच नव्हती, त्यामुळे ती चुकल्याचं कळणार कसं? अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पोटात हालचाल जाणवली, तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटला.

“आता हे दूध पोटातल्याचं. हिले बाधन.”

बहिणीने त्याचा लेप छातीला लावला. मुलीने तोंड लावलं, थुंकली, रडली. ती पदराला झोंबायला आली की सासूबाई “कडू, कडू” म्हणायच्या. काही दिवसांत तिने मागणं सोडलं.

मुलाला संत्र्याच्या बागेच्या कडेला पुरलं. बहीण घरी आली, त्यानंतर तिला दूध आलं. ब्लाऊज भिजला, मग पदर भिजला. सासूबाईंनी पिळून टाकायला वाटी आणून ठेवली. बहिणीने ती बाजूला सारली.

“ताई, तिले दे माह्याजवळ.”

मी मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. या वेळी काही लावलेलं नव्हतं. दुधाचा थेंब मुलीच्या गालावर पडला. तिने तो तळहाताने पुसला.

“कडू,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे यायला हात पुढे केले.