‘येतो’ म्हणून गेलेल्या बाई

नागपूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात आली, तेव्हा बाई उशीला टेकून मागच्या सीटवर बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, “येतो गं शोभा.” आमच्याकडच्या बायकाही ‘येते’ऐवजी ‘येतो’च म्हणतात. मी गॅसवरच्या दुधाच्या काळजीत होते, नुसती मान हलवली. आठवडाभरानं दवाखान्यातून ह्यांचा फोन आला... बाई गेल्या.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, वकिली केली, तीही कामगार कायद्याची. गडचिरोलीतल्या आमच्या घराची पुढची खोली त्यांचं ऑफिस. तिथे एक खुर्ची आणि एकच बाक. कामगार येवो की मालक, दोघांना त्याच बाकावर शेजारी-शेजारी बसावं लागे. समोरासमोर बसलं की माणसं नुसती भांडतात, असं त्यांचं म्हणणं. चहा अर्थात मी करायचा. दिवसभर चहा टाकून माझा जीव मेटाकुटीला यायचा, आणि बाईंना वाटायचं, शोभाला माणसांची फार आवड!

मालकही पुष्कळ यायचे. “बाई, एका पोट्ट्याले कामावरून काढाचं हाय, कसं काढू?” बाई शांतपणे विचारायच्या, “पह्यले सांग, ठेवला कसा होता?” निम्म्यांनी कागदावर ठेवलेलाच नसायचा; ते तिथूनच परत फिरायचे.

शेवंताची गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. वैनगंगेकाठच्या एका राईस मिलमध्ये ती कामाला होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी निघाली, तर मालकाच्या बायकोनं हौसेनं तिची ओटी भरली. पोर कडेवर घेऊन ती परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरी बाई लागलेली. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, घर तिच्या एकटीच्या कामावर. बाकावर बसून ती नुसती पदराचं टोक पिळत होती.

मालकाला बाईंनी बोलावून घेतलं. तो बिचारा खरंच गोंधळला होता. “म्या काढलं कुठी, बाई? थे गेली. आमच्या घरी ओटी भरून मानानं निरोप देला तिले.”

“ओटी भरल्यावर थे काय म्हनली?”

मालक आठवू लागला. “येतो म्हनली.”

“जातो म्हनली का?”

“नाई.”

“मंग थे सुट्टीवर होती. बाळंतपनाची सुट्टी कायद्यानं तिची हाय, अन् त्या सुट्टीत कोनाले काढता येत नाई.” मग शेवंताकडे वळून म्हणाल्या, “तुयंबी चुकलं. मनातल्या मनात सुट्टी नाई घ्याची, मालकाले तसं कळवाचं असते.”

मालक हसला आणि डोकं खाजवत तिला म्हणाला, “उद्यापासून ये कामावर.” तो उठायला लागला तसा बाईंनी त्याला पुन्हा बसवलं. तिच्या जागी घेतलेलीलाही तसंच हाकलायचं नाही, हे समजावलं. तोवर शेवंताचं पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. त्या दिवशीचा चहा मी कुरकुर न करता केला, कारण मला बाईंचा फार अभिमान वाटला होता. तसं त्यांना कधी म्हणाले मात्र नाही.

परवा एक तरुण वकील खोली भाड्यानं मागायला आला. मुलगा चांगला, नम्र. बाकाकडे पाहून म्हणाला, “हा असू द्या काकू, फक्त खुर्ची रिकामी करून द्या.” खुर्चीवर बाईंची शाल अजून तशीच आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, “ती जागा रिकामी नाई झाली, बापू. बाई येतो म्हनून गेल्या हायेत.”

तो बाकावर टेकला. हे कायद्यात बसत नाही, एवढं मलाही कळतं. तरी मी आत जाऊन चहा टाकला... बाईंचा कप धरून.