उन्हाच्या दिवशीचे अपघात

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली. त्यातली बरीच आता आठवत नाहीत. एक झाडलेला रस्ता मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर येतो.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या पोलीस ठाण्याची प्रभारी होते. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. गावाचं नाव लिहीत नाही, परंडा-भूम पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. सोयाबीनची काढणी चालू होती आणि निम्मा स्टाफ तुळजापूरला बंदोबस्तावर गेला होता. उरलेल्यांना घेऊन मी ठाणं चालवत होते.

गावाबाहेर ओढ्यावरचा पूल ओलांडला की एक वळण लागतं. त्या वळणावर गेल्या काही आठवड्यांत मोटारसायकली पडत होत्या. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचं मनगट मोडलं. अशा प्रकरणात लोक ठाण्यात येत नाहीत, दवाखान्यात जाऊन घरी जातात. पण गावात चर्चा सुरू झाली होती. मोबाइलवर निरोप फिरत होते की वळणावर टोळी बसते, रस्त्यात दगड ठेवून गाड्या पाडते आणि लुटते. लुटला गेलेला माणूस एकही पुढे आला नव्हता, पण टोळी सगळ्यांना माहीत होती.

एका संध्याकाळी खबर आली की वळणावर माणूस पडलाय, डोक्याला मार आहे. मी पोहोचले तेव्हा रुग्णवाहिका त्याला घेऊन गेलेली होती. सोलापूरला नेताना वाटेतच तो गेला. जनावरांना कृत्रिम रेतन करणारा तरुण होता, गावोगाव फिरायचा. लोक त्याला डॉक्टरच म्हणायचे. ईट गावाकडून घरी परतत होता. रस्त्याच्या कडेला रक्त लागलेला एक दगड पडला होता. मोटारसायकल आडवी होती. त्याची कामाची बॅग मात्र कुठेच नव्हती.

पंचनामा करताना मी बॅटरीचा झोत रस्त्यावर फिरवला. डांबर स्वच्छ होतं. आमच्या भागात रस्ता कधी स्वच्छ नसतो. शेण असतं, उसाचं पाचट असतं, गुटख्याच्या पुड्या असतात. इथे खराट्याचे फराटे दिसत होते आणि ते डांबराच्या मधोमधपासून कडेपर्यंत गेले होते. मी हवालदारांना विचारलं, "हा रस्ता कोण झाडतं?"

"कोण झाडील, मॅडम? वाऱ्यानं झाला असंल साफ."

वारा फराटे मारत नाही. पण तेवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं, म्हणून पंचनाम्यात तसं लिहायला लावलं आणि पुढे गेले. जमलेल्या प्रत्येकाला मी एकच विचारलं, रस्त्यावर काय होतं? सगळ्यांचं उत्तर एकच. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा ठाण्यात आले. अप्पा म्हणजे गावातले वजनदार माणूस, आमच्या शांतता समितीचे सदस्य. वळणाला लागून त्यांचं शेत. खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेरच्या. म्हणून सांगतो. वळणावर पंक्चरवाला बसतो ना, त्याच्यावर लक्ष ठेवा. काल माणूस पडला तवा सगळ्यात आधी तोच धावला."

"मदतीला धावला असेल."

"मदतीला?" अप्पा हसले. "गाडी पडली की धंदा कुणाचा होतो? चाकाचे चिमटे सरळ करायचे, आरसे बसवायचे. दगड बी त्यानंच ठेवला असंल. बॅग त्याच्या हातात बघितलीय म्या."

"रुग्णवाहिकेला फोन त्यानेच केला होता."

"मग? चोर हुशार असतो, मॅडम. आपल्यावर संशय येऊ नये म्हणून करतो."

पंक्चरवाला पन्नाशीचा, मुसलमान, तीन पिढ्या याच गावातला. त्याच्या नावावर जुना एक गुन्हा होता, चोरीची बॅटरी विकत घेतल्याचा. अशा माणसाचं नाव एकदा निघालं की ठाण्यातल्या सगळ्यांना तपास संपल्यासारखा वाटतो. हवालदारांनी त्याला तासाभरात आणून बसवलं. दुपारपर्यंत वरून फोन आला. टोळी पकडली का, लोक विचारतायत. जबरी चोरी आणि त्यात माणूस मेलेला. एकदा अटक दाखवली की जुन्या गुन्ह्यामुळे त्याला महिनोन्‌महिने जामीन मिळणार नव्हता. आणि चोवीस तासांत मला त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं, नाहीतर सोडायचं होतं.

चौकशी हवालदार करत होते, मी समोर बसून बघत होते.

"बॅग कुठाय?"

"साहेब, म्या ब्याग बघितलीबी न्हाय. म्या त्याचं डोकं मांडीवर घेतलं, फडकं बांधलं. बस."

"मग शर्टाला रक्त कसं लागलं?"

"डोकं मांडीवर घेतल्यावर काय लागंल, गुलाल?"

हवालदारांचा हात उठला. मी त्यांना बाहेर पाठवलं आणि स्वतः विचारलं, "तुम्ही तिथं दिवसभर बसता. माणूस कसा पडला ते तुम्हीच पाहिलं असणार. कशावरून घसरला?"

तो इतका वेळ फडाफड बोलत होता. या प्रश्नावर थांबला. म्हणाला, "मला न्हाय म्हाईत."

बॅगेचं विचारलं तेव्हा तो रागावला होता, उलट बोलला होता. घसरण्याचं विचारलं तेव्हा गप्प झाला. माझा संशय तिथेच वाढला, पण कुणावर ते मला कळेना. आपल्या गुन्ह्यासाठी गप्प बसणारा माणूस डोळे चुकवतो, घाम पुसतो, पाणी मागतो. हा नुसता दगडासारखा बसला होता.

मी ग्रामीण रुग्णालयात गेले. तिथल्या सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. बऱ्याच वर्षांच्या अनुभवी, तोंडाने फटकळ. मी विचारलं, "त्या वळणावर पडलेले पेशंट येतात, त्यांच्यात काही सारखं दिसतं का?"

"सगळे दारू पिऊन आलो नाही म्हणतात, हे सारखं."

"आणखी?"

त्यांनी पट्टीची गुंडाळी खाली ठेवली. "एक आहे. मधे आठवडाभर पाऊस लागला होता बघा, तेव्हा त्या वळणाचा एकही आला नाही. बाकी सगळीकडून आले, वळणावरून नाही. पावसात तर जास्त पडायला पाहिजेत की नाही?"

पडायलाच पाहिजेत. ओला रस्ता, वळण, उतार. मग पावसात सुरक्षित आणि उन्हात धोक्याचं असं ते वळण कसलं? आणि टोळी असेलच, तर ती ऊन बघून येणारी कसली?

मी सरळ ठाण्यात परतले. डॉक्टरची मोटारसायकल आवारात उभी होती. मी चाकाशी बसले. टायरच्या खाचांत पिवळट काहीतरी चिकटून बसलं होतं. खिळ्याने खरवडलं, बोटांवर चोळलं. सोयाबीन. काही दाणे चिरडलेले, काही अर्धे. चेनच्या कव्हरमध्ये मूठभर अख्खे दाणे निघाले.

त्या दिवसांत सगळा तालुका सोयाबीन वाळवत होता. दाण्यात ओल राहिली की व्यापारी भाव पाडतात, आणि डांबर तापतं तसं खळं तापत नाही. म्हणून निम्मा रस्ता दाण्यांनी भरलेला आणि कडेला गाड्या अडवायला दगड, हे दृश्य जिकडेतिकडे. ठाण्याची जीपसुद्धा बाजूने जायची. गोल, कोरडा, टणक दाणा. त्यावर मोटारसायकलचं चाक वळणात आलं की संपलं. पण वाळवण रस्त्यावर असतं तर ते गेलं कुठे, हे आता मला झाडलेल्या रस्त्याने सांगितलं. माणूस पडल्यावर आणि पोलीस येण्याआधी कुणीतरी ते आवरलं होतं.

वळणाला लागून शेत अप्पांचं.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या घरी गेले तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. माझ्याकडे दुपारपर्यंतचाच वेळ होता. सोबत दोन पंच आणि तेच हवालदार. अप्पा बाहेर गेले होते, मुद्दामच ती वेळ मी गाठली. आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. माझ्यासमोर चहा आला. मी आधी त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मग सुनेची, मग मालाची.

"मग यंदा माल बरा आलाय?"

"बरा कशाचा, बाई. भिजला निम्मा."

"परवा त्या पोराचं फार वाईट झालं."

"लई वाईट. तरणाताठा होता." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आमच्या म्हशीला बी यायचा तो."

"रस्त्यावर काही होतं का हो तिथं?"

"काय न्हवतं, बाई. आपलं सोयाबीन होतं तेवढं."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. आक्का खोटं बोलत नव्हत्या. त्या रात्री ज्यांनी "काही नव्हतं" सांगितलं, त्यांच्यातलेही बरेचजण खोटं बोलत नव्हते. रस्त्यावर दगड असता तर सांगितला असता, झाड असतं तर सांगितलं असतं. सोयाबीन हे "काही" नव्हतं. ते दर साली असतंच.

"मग ते आवरलं कुणी?"

"बायका होत्या कामाला. ह्यांनी वरडून सांगितलं, आधी माल आवरा, पोलीस येत्याल. घाईघाईनं ताडपत्रीत भरलं अन् आणून टाकलं. अजून सोडलीबी न्हाय बघा ती, कोपऱ्यात हाय."

"आणि तो पोरगा?"

"त्याला पंक्चरवाल्यानं धरलं होतं."

पंचांसमक्ष आम्ही ताडपत्री अंगणात सोडली. दाणे पसरले, त्यात माती, काड्या, फुटलेल्या आरशाचे तुकडे. आणि मधोमध काळी बॅग, चेन बंद. हातमोजे, औषधं, त्या दिवशीचे पैसे, सगळं आत होतं. पडताना बॅग दाण्यांत घुसली होती आणि दाण्यांसोबत भरली गेली होती. चोरी झालीच नव्हती. आक्कांनी तोंडावर पदर धरला. बॅग तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला वाटतं अप्पांनाही नव्हतं.

अप्पा आले. अंगण बघून उंबऱ्यातच थांबले. मग म्हणाले, "मॅडम, पोरगं आधीच पडलं होतं. आमी सोयाबीन आवरलं, एवढाच काय तो गुन्हा."

"आवरलं त्याबद्दल नंतर बोलू. पंक्चरवाल्याच्या हातात बॅग तुम्ही पाहिली म्हणालात."

"तसं वाटलं."

"ताडपत्रीच्या आतली दिसली?"

सून दारातून सासऱ्यांना म्हणाली, "मामा, आता तरी खरं सांगा. त्याच्या घरी बी लेकरं हायती." अप्पांनी तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

पंक्चरवाल्याला मी कोर्टाची वेळ होण्याआधी सोडलं. अप्पांवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा, पुरावा नाहीसा केल्याचा आणि पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा नोंदवला. अशा कलमांत लगेच अटकेची गरज नसते. नोटीस दिली, ते सही करून घरी गेले. गावाला हे पटलं नाही. लोक म्हणाले, सगळेच वाळवतात, एकट्या अप्पालाच का? प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर एवढंच होतं की सगळ्यांनी रक्तात पडलेला माणूस सोडून खराटा हातात घेतलेला नाही, आणि आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेली नाही.

सोडताना मी पंक्चरवाल्याला विचारलं, "तुम्ही सगळं पाहिलं होतं. एक वाक्य बोलला असता तर इथं बसावं लागलं नसतं."

त्याने आपली चप्पल शोधून घातली. "मॅडम, टपरीची जागा अप्पाची हाय. बोललो असतो तर टपरी उठली असती. केसमधनं माणूस कधी ना कधी सुटतोच की."

चौकशीत गप्प बसलेल्या माणसाबद्दल आम्हा पोलिसांचा एक ठरलेला समज असतो. तो स्वतःला वाचवतोय. या माणसाने तो समज माझ्यापुरता मोडला. त्यानंतर कुणी गप्प बसलं की मी त्याने काय केलं हे विचारण्याआधी एवढं बघायचे की बोलल्यावर त्याचं काय जाणार आहे. घर कुणाच्या जागेत आहे, काम कुणाकडे आहे, रोजची पोळी कुणाच्या मर्जीवर आहे. आणि अपघाताच्या जागी "काय होतं" असं विचारणं मी सोडून दिलं. काय वाळत होतं, काय बांधलेलं होतं, कुणाची बैलगाडी उभी असते, असं एकेक नाव घेऊन विचारायला माझ्या लोकांना शिकवलं. रोजचं जे असतं ते माणूस आपणहून सांगत नाही, कारण ते त्याला दिसतच नाही.

टपरी अर्थातच उठली. आठवड्याच्या आत. मी अप्पांना काही म्हणू शकत नव्हते, जागा त्यांचीच होती. तालुक्याच्या रस्त्याला ठाण्याच्या भिंतीलगत रिकामी जागा होती, तिथे बसायला ग्रामपंचायतीचा परवाना त्याला रीतसर काढून घ्यायला लावला. त्याने कॉम्प्रेसर आणून लावला. पहिल्याच आठवड्यात आमच्या हवालदारांची मोटारसायकल पंक्चर झाली. ते गाडी ढकलत तिथे गेले आणि म्हणाले, "जरा लवकर बघ, ड्यूटीला जायचंय."

पंक्चरवाल्याच्या पुढ्यात एका पोराची सायकल उलटी उभी होती. त्याने मान वर केली नाही. "बसा साहेब. ह्याचं झालं की तुमचं."

हवालदार बसले. पैसेही पूर्ण दिले.